शेंदरी हॉट रॉडचं पत्रक

घरातली एखादी वस्तू विकायला काढताना तुम्ही तिच्याबद्दल कधी पूर्ण खरं लिहिलं आहे का? उत्तराची घाई करू नका. फोटो काढताना सोफ्याच्या डागावर उशी ठेवली होती की नाही, ते आधी आठवा.

मागच्या उन्हाळ्यात मी याच मुद्द्यावर भांडले. भांडण होतं एका गाडीवरून.

मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात ज्या काका-काकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, त्या काकांनी तीस वर्षं एका मोटार कंपनीत गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन केल्या. "अर्ध्या मिशिगनची दारं माझ्यामुळे उघडतात," असं ते म्हणायचे. त्यावर काकू म्हणायच्या, "आणि आपल्या बाथरूमचं दार चार वर्षं करकरतंय."

ती चार वर्षं काका गॅरेजमध्ये होते. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी हॉट रॉड बांधायला घेतली होती. जुन्या काळच्या गाडीचे मडगार्ड उतरवायचे, छप्पर उडवायचं आणि तिच्या अंगाला न पेलणारं दांडगं इंजिन बसवायचं, की झाली हॉट रॉड. काकांची गाडी मात्र जुनी नव्हतीच. बॉडी फायबरची, नवी. सांगाडा नवा, त्याचं वेल्डिंग काकांचं. इंजिन खोक्यातून आलेलं. सीटची शिवण काकूंची. त्यात मशीनच्या अकरा सुया मोडल्या. एकोणीसशे बत्तीस सालचं होतं ते फक्त रूप. रंग शेंदरी. काकू म्हणायच्या, "मारुतीला लावतात तसला."

वसंतात गाडी पुरी झाली आणि त्याच महिन्यात ओहायोतल्या डब्लिनला त्यांच्या मुलीला बाळ झालं. दोघांनी तिकडेच जायचं ठरवलं. तिथे गॅरेज एका गाडीपुरतं. म्हणजे हॉट रॉड विकायला हवी होती, तीही जुलै संपायच्या आत.

सल्ला द्यायला तिथल्या महाराष्ट्र मंडळातले एक गृहस्थ आले. घरं विकणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "काका, वर टाका 'एकोणीसशे बत्तीस'. मोठ्ठं. 'रेप्लिका' हा शब्द एकदम खाली, बारीक. सगळे असंच करतात."

"म्हणजे काकांची चार वर्षांची मेहनत कुठल्यातरी जुन्या कारखान्याच्या नावावर खपवायची?" मी मध्येच बोलले.

"अगं, गिऱ्हाईक बत्तीस शोधतं!"

"मग गिऱ्हाइकाला सांगा, बत्तीस इथे नाही!"

"तुमच्या घरी सगळे असेच आहेत का गं?"

"माझ्या घरचे याहून वाईट आहेत."

ते खरंच होतं. माझे बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह नसेल तर मला अजूनही काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

काका गाडीकडे बघत बसले होते. "तिला लिहू दे," ते म्हणाले. "पण तीन शनिवारांत गेली नाही, तर लिलाववाल्याला फोन करायचा. मग तो बत्तीस लिहो नाहीतर बावीस. मी बघायला इथे नसेन."

ते हे फार हळू बोलले. मला तर त्या क्षणी टेबलावर चढून भाषण करावंसं वाटलं.

भाषणाऐवजी मी पत्रक लिहिलं. इंग्रजीत होतं, पण त्याचा मजकूर असा:

"सावधान! ही गाडी जुनी नाही! हिचा जन्म याच वर्षी नोव्हायमधल्या एका गॅरेजमध्ये झाला. हिने कधी चोरटी दारू पळवली नाही, शर्यत जिंकली नाही, कुठल्या नटाला फिरवलं नाही. हिला इतिहास नाही, पण हिला बनवणारा माणूस आहे आणि तो गाडीशेजारी खुर्ची टाकून बसला आहे. त्याला काहीही विचारा! उजवं दार जरा जोरात ओढावं लागतं."

शेवटच्या वाक्यावरून काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "बाकी सगळं लिही. पण दाराचं कशाला?"

"दाराचं तर आधी."

"अहो, लिहू दे," काकू म्हणाल्या. "ओढावं लागतंच."

हाच मजकूर आधी जाहिरात म्हणून इंटरनेटवर टाकला, त्यात पहिले दोन शनिवार वाया गेले. एकाने फोन करून विचारलं, "हे विनोदी आहे का?" तिसऱ्या शनिवारी सकाळी जवळच्या दुकानांच्या पार्किंगमध्ये हौशी लोकांच्या गाड्यांचा मेळा होता. आम्ही शेंदरी गाडी नेऊन लावली. माझ्या पिशवीत पिवळ्या कागदावर छापलेली दोनशे पत्रकं होती.

मालक मंडळी कॉफीच्या रांगेत. समोर ओळीने गाड्या, आरशासारख्या. लहानपणी मी सूतगिरणीच्या सायकल स्टँडवर प्रत्येक सायकलच्या कॅरियरच्या चापात पत्रक अडकवायचे; बाबा म्हणायचे, माणूस घरी जाताना वाचतो. हात आपोआप चालू लागले. वायपरखाली एक, वायपरखाली एक. वायपर नसेल तिथे आरशामागे. चाळीस गाड्या झाल्या असतील तेव्हा मागून आरोळी आली.

"माझ्या गाडीला हात कोणी लावला?"

काका खुर्चीतून ताडकन उठले. "काय केलंस! अगं, हे लोक गाडीजवळ शिंकायचीसुद्धा परवानगी मागतात!"

हातात पिवळे कागद घेऊन वीस-पंचवीस जण आमच्या दिशेने निघाले. आजवर मी मोर्चात चालले होते. मोर्चा अंगावर येताना पहिल्यांदाच बघत होते. ओरडणाऱ्या गृहस्थांची मी तीनतीनदा माफी मागितली आणि त्यांची काच पुसायला ओढणी पुढे केली, तर ते आणखी मोठ्याने ओरडले. ओढणीला आरसे होते.

गर्दीतून एक उंच आजीबाई पुढे आल्या. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, हे नंतर कळलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

त्यांनी पत्रक मोठ्याने वाचून काढलं, उद्गारचिन्हांसकट. नटाच्या वाक्यापाशी आल्यावर त्यांना हसू आवरेना. मग मागे वळून म्हणाल्या, "तुमच्यापैकी किती जण असं लिहायला तयार आहेत?"

मग एक जण पुटपुटला, "माझी छत्तीसची आहे. म्हणजे, हॉर्न छत्तीसचा आहे." दुसरा म्हणाला, "माझा एक दिवा." आणि मग जो काही हशा उसळला! मघाच्या ओरडणाऱ्या गृहस्थांनीही कबूल केलं, की त्यांची अख्खी गाडी मागच्या वर्षीची आहे.

"ते दार दाखवा," आजीबाई म्हणाल्या.

काकांनी दार दाखवलं आणि पंधरा मिनिटं बिजागरी समजावली. आजीबाईंनी शांतपणे ऐकून घेतली. मग त्या स्टिअरिंगवर, काका शेजारी, आणि मागे डिकी उघडून होणाऱ्या दोघांच्या सीटवर काकू आणि मी. इंजिन असं गरजलं, की माझे दात वाजले. रस्ता रिकामा होता. काकूंचा अंबाडा पहिल्याच वळणावर सुटला. "हळू! हळू!" त्या मराठीत ओरडल्या. दुसऱ्या वळणानंतर त्याच ओरडत होत्या, "अजून! अजून!" आजीबाईंना शब्द कळला नसेल, पण अर्थ बरोबर पोचला.

परत आल्यावर त्या म्हणाल्या, "घेते. रोज चालवणार, चादर घालून ठेवणार नाही." विक्रीच्या कागदावर वर्ष चालू सालचं पडलं. मग त्यांनी पेन काकांपुढे धरलं: कोणी बनवली, तेही खाली लिहून द्या.

काका पेन धरून नुसते उभे. तीस वर्षांत एकाही दारावर त्यांचं नाव पडलं नव्हतं.

"लिहा की," काकू केस बांधत म्हणाल्या. "उखाणा घ्यायला नाही सांगत कोणी."

त्यांनी लिहिलं. खाली काकूंचंही लिहिलं, शिवणकामासाठी.

तेव्हा तुम्हाला एवढीच विनंती आहे: पुढच्या वेळी कुठलीही हाताने बनवलेली वस्तू विकाल, द्याल किंवा दाखवाल, तेव्हा बनवणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत लिहा. नाव माहीत नसेल तर आजच जाऊन विचारा!