मधातली इहीर

आमच्या गावात पोरी द्याले कोनी तयार नव्हतं. पोरं वाईट नव्हते, वावरंबी बरे होते. पन पानी नव्हतं. होळी झाली का गावची जुनी इहीर आटे. मंग आमी बाया नाल्यात जावो. वाळूत हातानं झिरा खंदा, त्यात पानी झिरपे, ते वाटीनं गुंडात भरा. एक गुंड भरेपर्यंत ऊन डोकशावर ये. सोयरे पोरगा पाहाले येत, चहा पेत, गोड बोलत. जाता जाता नाल्यात बाया बसेल दिसल्या का मंग त्यायचा निरोपच येत नसे.

मले एकच पोरगा. त्याचा बाप लवकर गेला. लोकाच्या वावरात निंदन-खुरपन करून म्या त्याले वाढवलं. त्याचं दोन जागी जमलं अन् मोडलं. मंग दुसरबीडकडचा एक मानूस आला. सरळ होता. माह्या तोंडावर म्हने, "बाई, पोरगा मले पसंत हाये. पन माही पोट्टी वाळू उकरत बसनार नाही. गावात पानी आना, मी दुसऱ्या दिवशी हळद लावून देतो. येता उन्हाळा मी थांबतो. त्याच्या पुढं नाही."

त्याच हिवाळ्यात गावात ग्रामसेवक आला. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, जिकडं तिकडं श्रमदानाचं बोलनं चालू होतं. सायकल मारोतीच्या पाराले टेकवून तो म्हने, "आपण नवी विहीर खोदू. माती, मुरूम तुम्ही काढा. खडक लागला की सुरुंगाचं सामान मी वरून आणतो."

एक बुढा म्हने, "वरून म्हंजे आभाळातून का साहेब?"

लोकं हासले. पन हाव म्हनले.

पानी पाहाले मेहकरकडचा पानाड्या आनला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो गावभर फिरला. खालल्या गल्लीच्या मांगं, बाभळीपाशी, नारळ हातावर उभा झाला. "इथं खंदा," म्हने. खालल्या गल्लीवाले खुश. वरल्या गल्लीवाले चूप. दोन्ही गल्ल्या एकाच भावकीच्या, पन आजापंज्यापासून वावराच्या धुऱ्याचं, हद्दीचं भांडन. लग्नाले एकमेकाच्या घरी जेवत नसत.

वरल्या गल्लीचा म्होरक्या म्हने, "आमी खपावं अन् इहीर त्यायच्या दारात? उद्या त्यायच्या बाया आमच्या बायाइले म्हनतीन, सरका तिकडं. आमी येत नाही."

अर्धं गाव नाही आलं तं इहीर होनार कशी? मंग पारावर बसून मानसाइनं तोड काढली. वरल्या गल्लीच्या शेवटच्या घरापासून खालल्या गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत दोर धरला. दोराची बरोबर मधात घडी केली. घडी जिथं आली तिथं खुटी ठोकली. ना तुमची, ना आमची. सगळ्याइले लय बरं वाटलं. पानाड्यानं नारळ झोळीत टाकला अन् म्हने, "तुमची मर्जी." बायाइले कोनी इचारलं नाही. पानी आमीच आनत होतो.

काम सुरू झालं. मानसं खाली सब्बल मारत, बाया रांगेत उभ्या राहून टोपलं हातोहात वर देत. घरटी एक मानूस ठरलं होतं. माह्या घरचे आमी दोघंबी जावो. पोरगा खाली, मी रांगेत. मजुरीवरून आली का तशीच जाये. इथं मुकादम नव्हता, कोनी वरडत नव्हतं. दमली तं बस, पानी पे, पुन्हा उठ.

माह्या वरच्या पायरीवर वरल्या गल्लीतली एक बाई उभी राहे. लय तोंडाळ. मी खालल्या गल्लीची, त्यात रांडमुंड. ती माह्या हातातून टोपलं घेत नसे, खाली ठेवाले लावे, मंग उचले. एक दिवस ठेवेल टोपलं घरंगळलं अन् सारा मुरूम तिच्याच पायावर.

म्या म्हटलं, "घे आता, पायानं उचल."

तिनं मले पाह्यलं, पाय पाह्यला, अन् अशी हासली का सारी रांग थांबली. खालून मानसं वरडले, "काय झालं वं?" ती म्हने, "काही नाही, तुमी खंदा!" तवापासून टोपलं माह्या हातातून घ्याले लागली.

दुपारी आमी मुरमाच्या ढिगावर बसून भाकर खावो. कोनाचा ठेचा, कोनाचं बेसन, सगळं मधात. ती मले चिडवे, "सून आनाची म्हनून येवढी घाई का? धरती फोडून राह्यली माय."

"हाव, फोडून राह्यली."

"फोड बाई. नाही आली सून तं मलेच ने घरी. पन मी भाकरी थापनार नाही."

नवरा गेल्यापासून मले कोनी हळदीकुंकाले बोलवलं नव्हतं. लग्नात मी मांडवाच्या कोपऱ्यात बसे. त्या ढिगावर कोनी कोपरा दाखवला नाही. मले ताप आला तवा हेच बाई भर दुपारी गल्ली ओलांडून पेज घेऊन आली. तिच्या नवऱ्यानं तिले त्याच्यापायी बोल लावला. ती पुन्हा आली.

मंग पासान लागला. काळा, गुळगुळीत, सब्बल मारली का ठिनगी उडे. सुरुंग पाह्यजे होते. पन ग्रामसेवकाची बदली झाली, अन् नवा आला तो म्हने, "मला कोणी काही सांगितलेलं नाही." मानसं हळूहळू येनं बंद झाले. कोनाची वखरनी राह्यली होती, कोनी नांदुऱ्याले गाड्यात पोते भराले गेलं. कोनी तरी म्हटलं, अजूनबी बाभळीपाशी खंदून पाहू. वरली गल्ली म्हने, "आमी एकदा खपलो, पुन्हा नाही." खालली म्हने, "तुमीच हलवली ना जागा!" पारावर असे भांडले का काठ्या निंघाल्या. बाभळीपाशी पानी असतं का नसतं, ते कोनी पाह्यलंच नाही.

आमी चार-पाच बाया तरी जावो. खाली माहा पोरगा एकटा सब्बल मारे. टोपल्यात चिपा येत, मुठीत मावतीन इतक्याच. मंग त्याचे हात फुटले. म्याच म्हटलं, "वर ये." तो आला.

जेठात पोरीचा बाप आला. इहिरीच्या काठावर उभा राह्यला. एक गोटा आत टाकला. खनकन वाजला. मंग तिथंच खाली बसला बिचारा.

"बाई, मेहनत केली तुमी, ते दिसते," म्हने. "पन पोट्टी मी इथं देनार नाही." मंग म्हने, "मले पोरगा नाही. तुमचा मले द्या. घरजवाई म्हनून ठेवतो. पोटच्या पोरावानी पाहीन."

पोरानं माह्याकडं पाह्यलं. "माय, अन् तू?"

म्या म्हटलं, "मले काय, मले कोन पाहाले येनार हाये आता? जाय तू."

पोरीच्या गावी लग्नाले भावकीतले मानसं आले नाही. घरजवाई देला, नाक कापलं म्हने. रांगेतल्या बाया आल्या, दोन्ही गल्लीच्या, घरच्याइच्या शिव्या खाऊन, एका बैलगाडीत. मी मांडवात कोपऱ्याकडं जाऊन राह्यली होती तं तोंडाळ बाईनं दंडाले धरून मले पुढं बसवलं. "नवरदेवाची माय हाये हे. सरका जरा!" तिथल्या इहिरीले काठोकाठ पानी. आमच्या बाया पेल्या, पाय धुतले, तोंड धुतले, पुन्हा पाय धुतले. पोरीकडच्या बाया तोंडाले पदर लावून हासत होत्या.

तिसऱ्या पहारी गाडी जुंपली. लोकाच्या वराती सून घेऊन येतात. आमी पोरगा ठेवून निंघालो. तो चाकासंगं चालत गावाबाहेरपर्यंत आला. मांगून सासऱ्यानं हाक मारली. तो थांबला, माह्या पाया पडला, अन् फिरला.

तोंडाळ बाई म्हने, "रड ना वं. रडून घे."

म्या म्हटलं, "कायले? त्याच्या घरी पानी हाये."