सासूसुनेची जोडी

रोजगार हमीवर कुणी भाषण ठोकायला लागलं की मला हसू येतं. 'मागेल त्याला काम' हे कायद्यात पुढं आलं. आम्ही सासूसुनेनं ते आधीच एका मुकादमाच्या गळी उतरवलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात तिसगावच्या माळावर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं, तशी दवंडी झाली. नवरा बैल घेऊन नेवाशाकडच्या छावणीवर गेला होता. घरात विधवा सासूबाई आणि मी. कणगी रिकामी. काम मिळालं नाही तर घराला कुलूप घालून गाव सोडायचं, एवढंच उरलं होतं.

मुकादम दरसाल ऊसतोडीला माणसं नेणारा. तिथं कोयता म्हणजे नवरा-बायको; इथंही तो तशाच जोड्या घेत होता. पुरुषानं खणायचं, बाईनं पाट्या वाहायच्या.

"गडी कुठंय?" त्यानं विचारलं.

"मी खांदते, ही वाहती," सासूबाई म्हणाल्या. "दवंडीत मागंल त्याला म्हनले, गडी आना न्हाई म्हनले."

त्यानं मुद्दाम कडक मुरमाची जागा दिली. माप भरलं तरच उद्या या, म्हणाला. सासूबाईंनी पदर खोचला नि टिकाव उचलला. पाट्या वाहून मी घामाघूम, आणि वर "हळू चाललीस" म्हणून त्यांचे टोमणे.

संध्याकाळी मापं घ्यायला साहेब आले. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता राखायचा असतो, त्यावरून खोली कळते. आमचा खुंट गायब. जन्मभर रान सारखं करणाऱ्या बाईला मधे राहिलेलं ढेकूळ बघवेना. सासूबाईंनी शेवटी तोही फोडून तळ साफ केला होता. मुकादम हसला. खुंट नाही तर माप नाही, म्हणाला.

साहेबांनी काठापासून काठापर्यंत दोरी ताणली नि टेप खाली सोडला. मग शेजारच्या खड्ड्यातही सोडला.

"यांचं जास्त भरलंय," ते म्हणाले. "उद्यापासून यांना जोडी म्हणूनच घ्या."

पुढं गावातल्या एकट्या बाया दोघी-दोघीनं यायला लागल्या, आणि मुकादम मुकाट्यानं टिकाव द्यायला लागला.

छावणीवर बैलांपाशी चुलत भावाला ठेवून नवरा परतला, तेव्हा मुकादमानं पुन्हा डोकं वर काढलं. आता हा खणेल, सून वाहील, म्हातारीनं घरी बसावं. नवऱ्यानं टिकावाला हात घातला. सासूबाईंनी तो सोडला नाही.

"तू दुसरी जोडी बघ," त्या लेकाला म्हणाल्या. "ही मोडायची न्हाई."