बटणावरची पट्टी

सुमनसिस्टर गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं लातूरहून केला तेव्हा मी भाकरी थापत होते. महिना झाला त्याला. रडू आलं नाही. बाई सहा वर्षं आतून मरतच होत्या, आता सुटल्या, एवढंच मनात आलं.

नांदेडच्या एका दवाखान्यात, नवजात बाळांच्या काचेच्या खोलीत, त्या मुख्य सिस्टर होत्या आणि मी आया. मी रेणापूरकडच्या शेतकऱ्याची लेक, तोंडानं फाटकी, डॉक्टरांनाही सोडायची नाही. सातव्या महिन्यात जन्मलेल्या लेकराच्या फुफ्फुसात आतून जो बुळबुळीत थर असावा लागतो, तो तयारच झालेला नसतो. मग श्वास सोडला की आतल्या बारीक पिशव्या ओल्या प्लास्टिकसारख्या चिकटतात आणि मशीननं हवा ढकलून त्या उघडाव्या लागतात. दाब कमी पडला तर लेकरू निळं पडतं, जास्त झाला तर कोवळं फुफ्फुस फाटतं. मला हे त्यांनीच फरशी पुसता पुसता शिकवलं. दाब ठरला की त्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावून वर आकडा लिहायच्या. ज्याला तो वाढवायचा त्यानं आधी पट्टी सोलायची, तेवढ्यात माणूस भानावर येतं, असं त्यांचं म्हणणं. एका नव्या डॉक्टरला म्हणाल्या होत्या, "सायेब, हे काय सायकलची ट्यूब हाय का? छाती जरा हालली की पुरं." तो हसला, पण पट्टीला पुन्हा हात लावला नाही.

मग त्यांचीच नात त्या खोलीत आली. सून सातव्यातच बाळंत झाली होती. मुलगी तळहाताएवढी. नळीतून औषध दिलं होतं, ते लागू पडायला वेळ होता. डॉक्टर बाळंतिणीच्या खोलीत अडकलेले. छाती हालते न हालते असं चाललेलं, ओठ काळे पडू लागले. सिस्टर वाकून बघत राहिल्या... आणि नखानं पट्टी सोलली. माझ्याकडे न बघता ती माझ्या हातात दिली आणि बटण फिरवलं. आकडा कुठवर गेला ते मी बघितलं. मी ती पट्टी बादलीत टाकली. पोरीचा रंग परतला, आम्ही दोघी हसलोही. तासाभरात एका बाजूची छाती फुगून तशीच राहिली. फुफ्फुस फुटलं होतं. डॉक्टरांनी सुई घालून हवा काढली, पण संध्याकाळी पोरगी गेली. एवढ्या कच्च्या फुफ्फुसाचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सिस्टरनं स्वतःच्या हातानं कागदावर वेळ आणि आकडा लिहिला, सुनेला आणि मुलालाही सगळं सांगितलं. महिन्याभरात नोकरी सोडून लातूरला गेल्या.

मी एकदाच भेटायला गेले. कोथिंबीर निवडत होत्या. बराच वेळ जवळच्या मुरुडच्या बाजाराचं बोलल्या, मग खाली मान घालूनच विचारलं,

"काशीबाई, तू तर कुणालाच सोडत नव्हतीस. त्या दिवशी का गप बसलीस?"

"मला वाटलं, तुमाला कळतंय."

"मलाबी तेच वाटलं," त्या म्हणाल्या आणि कोथिंबीर घेऊन उठल्या.

खरं तर मला तेवढंच वाटलं नव्हतं. नात त्यांची, हात त्यांचा, आयानं सिस्टरला काय सांगायचं, असंही वाटलं होतं. ते मी बोलले नाही.

तेराव्याला गेले तेव्हा दुपारी त्यांच्या खोलीत दुसरी नात झोपायला मागत नव्हती. चार वर्षांची आहे. सून म्हणाली, "मावशी, आई रोज हिच्या छातीवर हात ठेवून बसायच्या. त्याशिवाय झोपत न्हाई ही. तुम्ही ठेवता का जरा?"

मी ठेवला नाही. पिशवी उचलली आणि नांदेडच्या बसला निघाले. पोरगी रडत होती, जिना उतरेपर्यंत ऐकू येत होतं.