शेठ उठत नाहीत

मनहरलाल कोटेचा दुकानात उठत नसत. सकाळी चप्पल काढून गादीवर चढले, तक्क्याला टेकले, की एक वाजता दुकान बंद होईपर्यंत तिथेच. घरी जेवण, झोप, आणि चारला परत गादी. पाणी, चहा, गाठिया सगळं हाताशी येई. साड्यांचे गठ्ठे सोडायचे, वरच्या फळीवरचा माल काढायला घोड्यावर चढायचं, गिऱ्हाइकामागे पळायचं ते धाकट्या भावानं, दिलसुखनं. आमच्या राजकोटच्या बाजारात शेठ कोण हे विचारावं लागत नाही. जो बसलेला तो शेठ.

वडील गेले तेव्हा मनहरलाल त्या जागी बसले, त्याला बावीस वर्षं झाली. पण आपण उठलो की दिलसुख बसणार, ही धास्ती एक दिवस सुटली नाही. लघवीलासुद्धा ते दिलसुख बाहेर गेलेला बघून जात, अनवाणीच, घाईघाईनं. त्यात दिलसुख देखणा आणि जिभेचा गोड. बायका म्हणत, "दिलसुखभाई, तुम्हीच दाखवा." त्या एकेका 'तुम्हीच'नं गादीवरच्या माणसाच्या पोटात दुखे.

मग साखर निघाली. उजवा पाय बधिर व्हायला लागला. डॉक्टर म्हणाले, "पाय हवा असेल तर बसणं कमी करा." दिलसुखचीही साखर काठावर होती, म्हणून दोघांना धराबेनकडे धाडलं. ही मुलगी दवाखान्यात बैठ्या कामाच्या माणसांच्या सवयी बदलायचं काम करी.

"काका, व्यायाम करा असं मी म्हणतच नाही," ती म्हणाली. "नुसतं उठा. दर अर्ध्या तासानं, दोन मिनिटं. फोन आला की उभं राहून बोला. माठ गादीपासून लांब, दाराशी ठेवा. आणि दोघं भाऊ आहात, तर एकमेकांना आठवण करा."

शिवाय तिनं एक तक्ता दिला. दोघांच्या नावाचे दोन रकाने, उठलं की एक खूण. समोरच्या भिंतीवर लावायचा, म्हणजे खूण करायलाही उठावं लागेल. पोरगी हुशार होती, पण तिची गाठ मनहरलालांशी होती. त्यांनी तो तक्ता भिंतीवरून काढायला लावला आणि गादीखाली घातला; दिलसुख आपली खूण करायला तो मागून घेई.

दिलसुख मात्र शहाण्या मुलासारखा वागू लागला. फोन घेऊन दारापर्यंत फेऱ्या मारी, गिऱ्हाईक नसलं तरी बसत नसे, आणि तास वाजल्यासारखा म्हणे, "मोटाभाई, अर्धा तास झाला. उठा."

"तुला फार घाई झालीय मला उठवायची!"

घरी त्यांची बायको रसीलाबेन ताटात भाकरी वाढता वाढता बोलत. "दिलसुखभाईंचं पोट बघितलंत? जिना कसा चढतात आता! नाहीतर तुम्ही. बसा उबवत."

बायकोनं भावाचं कौतुक करावं, तेही आपल्या ताटावर! खरं सांगायचं तर मनहरलालांना पायाची काळजी होती त्याच्या दसपट त्या रकान्यातल्या दिलसुखच्या खुणांची आग होती. मग त्यांनी एक सोपा उपाय केला. त्यानं दहा केल्या की हे बसल्या बसल्या पंधरा करत.

महिन्यानं धराबेन दुकानात आली. चार गिऱ्हाइकं बसलेली. तक्ता बघून ती हरखलीच. "मनहरकाका पहिले! दिलसुखकाकांनाही मागे टाकलंत. जरा उठून दाखवा ना, मी दुसऱ्यांना तुमचं उदाहरण देईन."

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मनहरलालांनी हात टेकला, गुडघा उचलला, आणि उजवा पाय आहे की नाही हेच त्यांना कळेना. ते कोसळले ते थेट दिलसुखच्या अंगावर. त्यानं त्यांना सावरून बसवलं, आणि तळवा हातात घेतला. साडीची एक टाचणी तळव्यात डोक्यापर्यंत रुतली होती. भोवती पू झाला होता.

"कधी लागली ही?"

"मला... कळलंच नाही रे."

दिलसुखनं टाचणी उपसली. तेव्हाही त्यांना कळलं नाही. धराबेननं तक्ता हळूच घडी करून पिशवीत टाकला, आणि त्या मुलीसमोर मनहरलालांना इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

जखम भरायला दोन महिने लागले. पाय वाचला. दुकानात परत आले त्या दिवशी अर्ध्या तासानं ते स्वतःच दिलसुखच्या खांद्याला धरून उठले, आणि मागे वळून गादीकडे बघितलं.

"बस," ते म्हणाले. "बस एकदाचा. मी उठायची वाटच बघत होतास ना?"

"बघत होतोच," दिलसुख म्हणाला. "बावीस वर्षं. तुम्ही नुसते खोकलात तरी वाटायचं, आता उठतात. बापूजींनी दोघांत एकच जागा ठेवली, मी जळलो नसेन का? पण ती टाचणी काढली तेव्हापासून मला तिथे बसायची भीती वाटते, मोटाभाई."

"म्हणजे तूही जळायचास?"

"तुमच्याहून जास्त."

मनहरलालांना हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? इतकं बरं त्यांना कुठल्या औषधानं वाटलं नव्हतं. दोघं माठाच्या दिशेनं निघाले. उजवं पाऊल जमिनीला लागतंय की नाही, हे मात्र त्यांना अजून उमजत नव्हतं.

"पाय टेकला का रे?" त्यांनी विचारलं.

"टेकला. टाका पुढचं."