साबण लावलेला गज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझे बाकीचे सगळे दोष तोंडपाठ आहेत.

सांगलीकडच्या एका छोट्या संस्थानात मी ग्रंथपाल होतो. दरबारी बँडमध्ये वादक अकरा, आणि महाराजांना हवे होते बारा. मी उंच, म्हणून मला मंदिल बांधून बेसमागे उभं केलं. बेस म्हणजे माणसाएवढं, खर्जात बोलणारं तंतुवाद्य. गजाला राळ लावली तर ते बोलतं. साबण लावला तर गज तारांवरून नुसता घसरतो. माझ्या गजाला साबण असे. पाच वर्षं मी पाहुण्या साहेबांसमोर गंभीर चेहऱ्याने शांतता वाजवली. ही फसवणूक? असेल. पण तिथे ती नोकरी होती. सांगायचं आहे ते पुढचं.

संस्थानं गेली, बँड मोडला. बेस कुणालाच नको होता, तो माझ्याबरोबर साताऱ्याला आला. मी शाळेत मास्तर झालो. रविवारी दुपारी म्हादबा सुताराच्या कारखान्यात तिघं हौसेने वाजवत बसत — म्हादबाची पेटी, त्याच्या मेव्हण्याचा तबला आणि शिवराम जाधवाचं क्लॅरोनेट. शिवराम पाटणकडचा, पलटणीच्या बँडमधला. लढाईत तोफांच्या आवाजाने त्याचा उजवा कान अर्धा बहिरा झाला होता. पण वाजवायचा काय!

"आवं मास्तर, तुमी दरबारातलं! या, बसा की," म्हादबा म्हणाला.

"बसा काय म्हंतोस गड्या? त्ये हुबं ऱ्हाऊन वाजवायचं असतंय," शिवराम हसला.

तेव्हाच सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? दरबारचा माणूस म्हणवून घ्यायला बरं वाटलं — दुसरं काय? मी गजाला राळ लावली. तारेवर बोट कुठे दाबायचं हे मात्र मला कधीच कुणी शिकवलेलं नव्हतं.

तीन रविवार काहीतरी खटकत राहिलं. चौथ्याला म्हादबाने पेटी थांबवली. "कुनाचं तरी लागंना झालंय."

पेटीचे सूर बांधलेले, तबला तिलाच मिळवलेला. उरलो आम्ही दोघं. आणि सगळ्यांनी पाहिलं ते शिवरामाकडे, त्याच्या कानाकडे. माझ्याकडे कोण पाहणार?

तो मला बाहेर लाकडांच्या थप्पीपाशी घेऊन गेला. डावा कान माझ्याकडे करून म्हणाला, "मास्तर, खरं सांगा. माजा कान गेला न्हवं?"

मला माहीत होतं. अगदी स्वच्छ माहीत होतं. मी म्हणालो — "जरासं चढतंय खरं."

त्याने मान डोलावली. आत जाऊन क्लॅरोनेटचे तुकडे सुटे केले, एकेक पुसून त्याच्या डब्यात ठेवले. पुन्हा कधी ते जोडले नाहीत.

यायचा मात्र दर रविवारी. भुशावर मांडी घालून बसायचा, डावा कान माझ्या बेसकडे करून. पुढच्याच रविवारी, वाजवणं संपल्यावर, तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बगा, मी थांबलो आन् कसं झ्याक लागाय लागलं! मास्तरांचा सूर काय हाय!"

त्या दिवशी सकाळी मी गजाची राळ धुऊन काढली होती. आणि साबण लावला होता.