सॅलिश लोकांचे डॉक्टरकाका

डॉक्टरकाकांना मी कधी निवांत बसलेलं पाहिलं नाही. एडिनबरातल्या आमच्या घरी जेवायला आले, की वरणभात पानात पडेपर्यंत त्यांच्या खिडकी ते दार चार फेऱ्या व्हायच्या. आयुष्यभर साथरोगांवर काम केलेला हा माणूस रिटायर झाल्यावर एका छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर झाला आणि तिथल्या एका घोंगडीपाशी अडकला.

घोंगडी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅलिश लोकांची होती. डोंगरी बकऱ्यांची लोकर आणि मुद्दाम पाळलेल्या पांढऱ्या कुत्र्यांचे केस एकत्र विणलेले. गोरी माणसं पोचण्याआधीच त्यांचा देवीचा रोग तिथे पोचला, गावंच्या गावं ओस पडली. हे काका असं सांगत, जणू ते पेशंट कालच त्यांच्या वॉर्डात दगावले होते. "आधी किती होते, ते कुणी मोजलंच नाही गं. आपण उरलेले मोजतो आणि त्यालाच पॉप्युलेशन म्हणतो."

त्यांचा राग होता तो काचेखालच्या लेबलवर. 'हे लोक घोंगड्या विणत असत.' 'विणत असत' नव्हे, 'विणतात' लिहा, म्हणून त्यांनी क्युरेटरला पत्रामागून पत्रं लिहिली. उत्तर ठरलेलं, नेक्स्ट रिव्ह्यूला बघू.

मग त्याच लोकांतल्या एक विणकर बाई घोंगडी पाहायला आल्या. काकांनी आधी लेबलबद्दल माफी मागितली. बाईंनी ते वाचलं आणि त्या तासभर विणीची चित्रं काढत राहिल्या. जाताना म्हणाल्या, माझा माग घरीच आहे, या बघायला.

काकांनी लगेच जायचं ठरवलं आणि मला सोबत चल म्हणाले. मी हृदयरोगाची डॉक्टर. त्यांचे सुजलेले पाय मला दिसत होते. मी म्हटलं, समरमध्ये जाऊ.

"म्हणजे तूही नेक्स्ट रिव्ह्यूला बघणार," ते म्हणाले.

मार्चमध्ये काका गेले. जूनमध्ये मी एकटीच त्या किनाऱ्यावर गेले. बाईंच्या घरी त्यांची मुलगी सूत कातत होती, नात शाळेत शिकलेल्या त्यांच्या जुन्या भाषेतला धडा आजीला वाचून दाखवत होती. डॉक्टर का नाही आले, बाईंनी विचारलं.

"ते आता नाहीत. यायचं म्हणत होते, मी थांबवलं."

त्या मागासमोरच्या बाकावर थोड्या सरकल्या आणि मला हात धुऊन यायला सांगितलं. मी विणलेली पहिली ओळ त्यांनी उसवली, दुसरीही उसवली. तिसरी राहू दिली.