नानांचा हिवाळी फुगवटा

पृथ्वीचं चुंबकत्व वर्षानुवर्षं सरकत चाललंय, ही गोष्ट साऱ्या फैजपुरात एकट्या कौतिक नानांनी मनावर घेतली. बाकी गावाला केळीचा भाव सरकतो तेवढं पुरे होतं.

नाना नि मी दीपनगरच्या वीजकेंद्रात एकाच पाळीत होतो. टर्बाइनची थरथर यंत्रावर घ्यायची, तिच्यातले सूर सुटे करायचे आणि कोणतं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं, हे नानांचं काम. वरातीच्या बँडमधून नुसती झांज वेगळी ऐकावी, तसं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या नादी लागतात, नाहीतर बायकोचं डोकं खातात. नानांनी थेट पृथ्वीच्या पोटाला कान लावला.

शेतातल्या केळीच्या बागेत त्यांनी एक लाकडी खोली बांधली, स्क्रूसुद्धा पितळी. आत मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकत्व मोजायचं यंत्र. त्याच्याजवळ लोखंड आलं की रेघ बिघडणार, म्हणून किल्ल्या, पट्टा, मोबाईल, सगळं दाराबाहेर. कोकिळावहिनींच्या पदराची सेफ्टीपिनही त्यांनी सोडली नाही.

"डॉक्टर म्हनते रक्तात लोह कमी, आन् हे म्हनते तेवढंही बाहेर ठेव," वहिनी करवादायच्या.

आलेखातून सूर्याचा रोजचा खेळ वजा करायचा, सौर वादळं वजा करायची. उरते ती पृथ्वीच्या गाभ्यातून येणारी संथ रेघ. त्या रेघेत नानांना घबाड सापडलं. दर हिवाळ्यात एक फुगवटा, आणि तो दरवर्षी वाढता! मधला एकच हिवाळा सपाट गेला होता. त्याच्याशेजारी पेन्सिलीने 'सूर्य शांत' असं लिहून नाना मोकळे झाले. सातपुड्याच्या पायथ्याखाली काहीतरी उकळतंय, हे त्यांनी चहाच्या टपरीवर जाहीरही करून टाकलं.

जळगावच्या प्राध्यापिका हेमांगी मॅडम यांनी त्यांना चर्चासत्रात बोलायला बोलावलं. नानांनी नवा सफारी शिवला. आपल्याला खुळा म्हणणाऱ्या गावाचं तोंड एकदा बंद व्हावं, एवढीच त्यांची आस होती.

मॅडमनी फक्त एक मागणी केली: महिन्याची सरासरी नको, दिवसादिवसाचा आलेख आणा.

चर्चासत्राच्या आधीच्या रविवारी मी नानांच्या शेतात होतो. अर्थात भरीत खायला. आमच्याकडे हिवाळ्यात शेत असणाऱ्याने भरीत पार्टी दिली नाही, तर लोक त्याचं शेत विकलं गेलं असं समजतात. नानांकडे तर दर रविवारी कोणी ना कोणी असेच: कधी दीपनगरची मंडळी, कधी व्याही, कधी वहिनींचं अख्खं माहेर. बामणोदची वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडजीत ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. चांगल्या भरिताची ख्याती पसरते, तशी माणसं दरवर्षी वाढतच होती.

"इकडं ये जरा," नानांनी खोलीतून हाक मारली. मी किल्ल्या बाहेर ठेवून आत गेलो.

"फुगवटा रविवारीच येते."

"मग?"

"अरे, पृथ्वीच्या गाभ्याले रविवार काय कळते?"

मला तरी काय कळत होतं! नाना खिडकीबाहेर बघायला लागले. खोलीला लागून असलेल्या निंबाखाली माझी मोटार, व्याह्यांची जीप आणि वहिनींच्या माहेरचा ट्रॅक्टर ओळीनं उभे होते.

"गाडी तिथी कोनं लावाले सांगितली?"

"तुम्हीच. सावली आहे म्हणालात."

"हटव."

मी मोटार बांधापलीकडे नेऊन आलो, तर रेघ खाली आलेली. जीप गेली, आणखी खाली. ट्रॅक्टर हलला आणि रेघ निमूट आडवी झाली. सेफ्टीपिनेला दारबंदी आणि ट्रॅक्टरला निंबाची सावली! मी पोट धरून हसलो. नाना हसले नाहीत. त्यांचा चेहरा पाहून मी हसू आवरलं.

"जळगावला जाऊ नका," मी म्हणालो. "ताप आलाय म्हणून कळवा."

"बेअरिंग गेलं त आपुन ताप आला म्हनत होतो का?"

नाना गेले. नवा सफारी घालून गेले आणि ट्रॅक्टरसकट सगळं सांगितलं. सभागृह खो-खो हसलं. मग त्यांनी सगळे रविवार वजा केलेली रेघ दाखवली. बारीक, रटाळ, कुठं तरी किंचित सरकणारी. ही चालू ठेवा, असं मॅडम म्हणाल्या. फैजपुरात बातमी नानांच्या आधी पोचली होती. त्यांना आता 'भरीतवाले शास्त्रज्ञ' म्हणतात.

घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, "जे काढून टाकलं, ते कुठी शे... दाखवा मले."

इतक्या वर्षांत त्यांनी आलेख पहिल्यांदाच मागितला. नानांनी तो जुना कागद ओट्यावर पसरला. वहिनी फुगवट्यांवरून बोट फिरवत गेल्या. कोणत्या साली कोण आलं होतं, कोणी किती भाकरी खाल्ल्या, सगळं सांगत होत्या. सपाट हिवाळ्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे कोरोनाचं वरीस," त्या म्हणाल्या. "कोनीच नव्हतं आलं. माहा दादा तवाच गेला."

नानांनी खोडरबर शोधलं आणि 'सूर्य शांत' एवढं पुसून टाकलं.